नदीपलीकडचं एकही घर

साहेबांची भाषणं लिहिणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. त्या खरोखरच मास्तरीण होत्या. मुलींच्या शाळेत बरीच वर्षं भाषा शिकवून त्या साहेबांकडे आल्या, तेव्हा साहेब विरोधी बाकांवर बसायचे आणि त्यांच्या सभेला खुर्च्या जास्त, माणसं कमी असायची. आता साहेब देशाचे पंतप्रधान होते, देश लढाईत होता, आणि दर आठवड्याला मैदान भरत होतं. लोक रेडिओ खिडकीत ठेवून आवाज मोठा करायचे. दुसऱ्या दिवशी बाईंना त्यांचीच वाक्यं बसच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात, भिंतींवर भेटायची. सुरुवातीला त्यांना त्याचा अभिमान वाटला होता. आता त्या भिंतीकडे न बघता चालायच्या.

परराष्ट्र सचिव हा त्या कचेरीतला दुसरा बोलणारा माणूस. पण तो हळू बोलायचा, बंद खोलीत. लढाईचं तिसरं वर्ष लागलं तसा तो महिन्यातून दोनदा एका तिसऱ्याच देशात जाऊ लागला. तिथे एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर शत्रूचा वकील, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणी करणारा दूत, त्याची वाट बघत असायचा. हे चारपाच माणसांनाच ठाऊक होतं. बाई त्यांतल्या एक, कारण काय बोलायचं हे लिहिणाऱ्याला काय बोलायचं नाही हे सांगावंच लागतं.

एकदा सचिव परत आला तो थेट बाईंच्या टेबलाशी. कोट न काढताच खुर्चीत बसला.

"तुमचं 'कोल्हे' तिकडे पोचलं," तो म्हणाला. "त्या वकिलाने वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं. म्हणाला, काल तुमचे साहेब आम्हाला कोल्हे म्हणाले, आणि आज तुम्ही आमच्याबरोबर चहा घेताय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मैदानातलं मैदानात, मेजावरचं मेजावर. तर हसला. म्हणाला, मनावर घेऊ नका, उद्या आमच्या साहेबांचं भाषण आहे, ते तुम्हाला उंदीर म्हणणार आहेत."

बाईही हसल्या. मग त्यांच्या मनात आलं, तिकडेही कुणीतरी टेबलाशी बसून 'उंदीर' लिहिला असेल, खोडला असेल, पुन्हा लिहिला असेल. तेवढ्यावर हसू थांबलं.

पुढच्या फेरीत सौदा ठरला. नदीपलीकडचं गाव सोडून द्यायचं. सैन्य एका पहाटे पुलावरून अलीकडे येईल आणि पूल उडवला जाईल. त्याच्या बदल्यात शत्रूच्या छावण्यांत सडत पडलेले आपले हजारो कैदी घरी येतील. गाव तसंही पावसाळ्यापलीकडे टिकणार नव्हतं. सेनापतींना हे कळत होतं, पण तोंडाने कबूल करायला एकही तयार नव्हता. बातमी आधी फुटली असती तर त्यांनी साहेबांना खुर्चीवरून ओढलं असतं आणि शत्रूने बोलणी मोडली असती. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, असं झालं असतं. म्हणून पूल पडेपर्यंत तोंडाला कुलूप; सैन्याला हुकूमही ऐन वेळी जाणार होता.

सचिवाने हे सांगितलं तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं की ते गाव बाईंचं माहेर आहे. त्यांची मोठी बहीण अजून तिथेच होती. ताई तिथल्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डाची मुख्य नर्स होती. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि सगळ्या गावाशी भांडायचे.

"आणि गावातली माणसं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना हात लावणार नाही असं वचन दिलंय."

"तुमचा विश्वास बसला?"

"माझं काम वचन घेणं. विश्वास ठेवणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम असेल." सचिवाने डोळे चोळले. "एकच सांगायला आलोय. परवाच्या भाषणात 'कुणीही घर सोडू नये' असं वाक्य घालू नका. गाव राखू म्हणा, लढू म्हणा, काय गर्जायचंय ते गर्जा. पण तेवढं नको. ज्याला आपणहून निघायचं असेल त्याला निघू दे."

बाईंनी तसंच लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"पाणचट झालंय, मास्तरीणबाई."

"सचिव म्हणाले..."

"सचिवाला मेजावर बसायचंय, मला मैदानात उभं राहायचंय. मेजावर आपण भिकाऱ्यासारखे बसलोय. मी मैदानात राजासारखा उभा राहिलो नाही, तर तिथे भीकसुद्धा पडणार नाही पदरात. आपण गाव सोडायला उतावीळ झालोय असा त्यांना वास जरी आला ना, तर निम्मे कैदी देतील."

हे खोटं नव्हतं. साहेब मूर्खही नव्हते आणि दुष्टही नव्हते. कैद्यांच्या आया दर सोमवारी कचेरीच्या फाटकाशी फोटो घेऊन उभ्या राहायच्या आणि साहेब मागच्या दाराने न जाता त्यांच्यातून चालत जायचे. बाईंनी दोन वाक्यांना धार लावून दिली. पण 'घर सोडू नये' घातलं नाही.

सभेच्या दिवशी मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाई मंचामागे, तारांच्या गुंडाळ्यांवर पाय देऊन उभ्या होत्या. साहेब कागदाप्रमाणे बोलत होते. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "साहेब, माझी लेक पलीकडे आहे! तिला आणू का नको?"

साहेब थांबले. हजारो माणसं थांबली. कागदावर याचं उत्तर नव्हतं.

"आणू नका!" साहेब गरजले. "कुणीही उंबरा ओलांडू नका. नदीपलीकडचं एकही घर आम्ही सोडणार नाही. एकही नाही!"

मैदान उसळलं. तो म्हातारा दोन्ही हात वर करून रडत होता. मंचाच्या पायऱ्यांपाशी सचिव उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पोस्टात गेल्या आणि तिथल्या फोनवरून त्यांनी इस्पितळ जोडून मागितलं. पलीकडे जाणारं प्रत्येक बोलणं कुणीतरी ऐकतं हे त्यांना माहीत होतं. ऐकणाऱ्यांना दिलेल्या सूचना त्यांनीच नीट भाषेत लिहून दिल्या होत्या.

"धाकटे! अगं, काय बोलले काल साहेब! आमच्या वॉर्डात बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी बांधलेलं सामान सोडलं बघ. तुझे दाजी तर..."

"ताई, ऐक. आईचं काही खरं नाही. तू आजच निघ. दाजींना घेऊन निघ."

आई जाऊन आठ वर्षं झाली होती. ताईनेच तिचे डोळे मिटले होते.

"आईचं," ताई सावकाश म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर लोकांना वेगळं सांगतात. पण मी स्वतः कागद पाहिलेत. हा आठवडा निघणार नाही."

"बरं." ताईचा आवाज एकदम कामाचा झाला, वॉर्डात असतो तसा. "तू रडू नकोस. मी बघते."

ताईने काय केलं ते बाईंना नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. एकटीने निघायचं तिच्या मनातही आलं नाही. वॉर्डात बाळंतिणी होत्या, आणखी दोघींचे दिवस भरले होते. "वरून हुकूम आलाय, वॉर्ड अलीकडच्या इस्पितळात हलवायचा," असं तिने सरळ ठोकून दिलं. मुख्य डॉक्टरने हुकूम कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, "लढाईत हुकूम तोंडीच असतात, तुम्ही गाडी द्या." गाडी मिळाली. पहिल्या खेपेला बायका आणि पोरं पूल ओलांडून आली.

दाजींना मात्र खोटं बोलता येत नव्हतं. ते गल्लीगल्लीतून सांगत सुटले, "गाव जाणार आहे, निघा." लोक हसले. पंपवाला म्हणतो ते खरं आणि साहेब म्हणतात ते खोटं? कुणीतरी म्हणालं, घरं स्वस्तात विकत घ्यायचा डाव दिसतोय याचा. संध्याकाळच्या आत पोलिसांनी दाजींना अफवा पसरवल्याबद्दल धरलं आणि चौकीत कोंडलं.

ताई अलीकडच्या तीरावर बायकांना उतरवत होती. तिला तिथे हे समजलं. तिने पोस्टातून बाईंना फोन केला.

"धाकटे, यांना धरलंय. तू तुझ्या साहेबांना सांग, एक फोन करतील. मी आणायला जातेय."

"जाऊ नकोस, ताई. मी करते काहीतरी. तू तिथेच थांब."

"अगं, त्यांना चौकीत दम्याचं औषध कोण देणार? येतेच घेऊन," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. सचिव तिथेच होता. त्यांनी काही न लपवता सांगितलं. सचिवाने जाऊन दार लावून घेतलं. साहेबांनी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"बहिणीला."

"बहिणीला म्हणजे गावाला."

"गावाने ऐकलं नाही, साहेब. गावाने तुमचं ऐकलं."

साहेबांनी वर पाहिलं. बाईंना वाटलं आता आपल्यालाही धरतील, आणि ते त्यांना चालणार होतं. पण साहेब म्हणाले, "चौकीला फोन केला, तर फौजदार विचारणार, अफवा पसरवणाऱ्याला पंतप्रधान का सोडवतात? एका फोनने सगळं उघडं पडेल. पहिली गाडी कैदी घेऊन निघालीय. पूल पडेपर्यंत मला काहीही हलवता येणार नाही."

"पूल पडल्यावर काय हलवणार?"

"काही नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मैदानातल्या माणसाचा नव्हता. "काहीच नाही."

सैन्य ठरल्या पहाटे परतलं. पोलिसही परतले, घाईत चौकीच्या कोठडीचं कुलूप काढलं की नाही, हे तेव्हा कुणालाच नक्की सांगता आलं नाही. पूल उडाला तेव्हा राजधानीत काही ऐकू आलं नाही. गाव सकाळी जागं झालं ते दुसऱ्याच्या राज्यात. ताई परतली नव्हती.

दोन दिवसांनी कैदी आले. स्टेशनात माणसांचा पूर होता. पोरं डब्यांतून उतरत होती, हाडांवर कातडी ताणलेली, आणि आया त्यांना ओळखत नव्हत्या आणि मग ओळखत होत्या. साहेबांनी बाईंना भाषण मागितलं होतं. त्यांनी अर्धं पान लिहून दिलं: आम्ही गाव दिलं आणि ही मुलं आणली, गावातल्या लोकांना आम्ही सांगितलं नाही. साहेबांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"यातला शब्दही खोटा नाही," ते म्हणाले. "पण लढाई संपलेली नाही."

मग ते डब्याच्या पायरीवर चढले आणि कागदाशिवायच बोलले. आघाडी थोडी मागे घेतलीय, वाघ झेप घेताना मागे सरतो, असं काहीतरी. फलाटाच्या टोकाला काही माणसं टाळ्या न वाजवता उभी होती. त्यांची माणसं गावात होती. बाकीच्यांच्या जयघोषात त्यांचं गप्प राहणं ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी बाईंनी नोकरी सोडली. ताईने आणलेल्या बायकांना एका रिकाम्या शाळेत ठेवलं होतं. बाई तिथे जाऊन राहिल्या. पाणी तापवायचं, दुपटी धुवायची, रांगेत उभं राहून दूध आणायचं. एका तरुण बाळंतिणीचा नवरा पलीकडे राहिला होता. ती रोज म्हणायची, "तो येत होता हो. पण साहेब बोलले ना, मग म्हणाला, घर कोण राखणार?" बाई तिचं बाळ मांडीवर घेऊन ऐकत राहायच्या. खरं सांगून त्या पोरीला काय मिळणार होतं?

महिन्याभराने सचिव शाळेच्या अंगणात आला. एवढ्यात फारच म्हातारा दिसायला लागला होता. दोऱ्यांवर वाळत घातलेल्या दुपट्यांमधून वाट काढत तो बाईंपर्यंत पोचला.

"मी तिकडे विचारलं," तो म्हणाला. "बोलणी संपल्यावर, चहा घेताना. तो वकील माणूस बरा आहे. त्याने शोध घेतला. तुमच्या ताई इस्पितळातच काम करतात. चांगल्या आहेत."

बाई तिथेच पायरीवर बसल्या. "आणि दाजी?"

"कोठडीत सापडले. आपल्याच पोलिसांनी धरलेला माणूस म्हणजे कामाचा असणार, असं त्यांना वाटलं. बऱ्याच चौकश्या केल्या म्हणे. आता त्यांच्या मुलखात कुठल्याशा छावणीत आहेत."

आत एक मूल रडायला लागलं, त्याच्यापाठोपाठ दुसरं.

"पुढची फेरी ठरतेय," सचिव म्हणाला. "कैद्यांचीच. या वेळी साधी माणसंही मागता येतील. दाजींचं नाव मी घालू शकतो. पण साहेबांची पत उतरलीय. नवीन लिहिणारा आणलाय, तो नुसता शिव्या लिहितो. मैदान हलत नाही. आणि मैदान हललं नाही, तर तिकडे मला कोण विचारतो?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे मी परत यायचं."

"मी तसं म्हणत नाहीये."

"तसंच म्हणताय." त्यांनी ओले हात पदराला पुसले. "त्यांना काय द्यायचंय या वेळी? कुठलं गाव?"

सचिव समोरचं ओलं दुपटं दोरीवर सारखं करू लागला. बाई उठल्या, आत जाऊन रडणाऱ्या मुलाला त्याच्या आईकडे दिलं, चपला घातल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या सचिवाच्या गाडीत जाऊन बसल्या.