एकाच पट्टीवर दोघी

मी हार्ड डिस्क बोलतेय. दलेंदाबाईंच्या संगणकाच्या पोटात मी अकरा वर्षं एकटीनं संसार केला. एकटीनं, हे नीट ऐकून ठेवा.

कारखान्यातलं काही मला आठवत नाही. आठवतं ते स्फाक्स बंदरातून कर्केना बेटाकडे येणाऱ्या बोटीचं हेलकावणं. खोक्यावर हात ठेवून बाई बसल्या होत्या. रमला गावच्या शाळेतून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि बेटावरच्या म्हाताऱ्या बायकांची गाणी गोळा करायचा नाद त्यांना लागला होता. नवरीला मेंदी लावतानाची, नवरा समुद्रावर गेल्यावरची, पाळण्याची.

माझ्यात उतरवलेलं पहिलं गाणं त्यांच्या आईचं, खदूजाबाईंचं. अंगाई होती. वर्षभरात आई गेली. मग रोज दुपारी जेवण झालं की बाई ती अंगाई लावायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. तेव्हा घरात आम्ही तिघीच असायचो.

गाण्यांवर गाणी येत गेली आणि मी गळ्यापर्यंत भरले. एके दिवशी पडद्यावर उमटलं, जागा नाही. बाईंनी मोंजीला बोलावलं. हा गावात रेडिओपासून फ्रीजपर्यंत सगळं दुरुस्त करतो. वय पन्नाशीचं, पण बाईंचा जुना विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्यापुढे अजून खांदे पाडूनच उभा राहतो.

"बाई, आता नवा संगणकच घ्या की."

"अरे मोंजी, तू तिसरीत तीनदा बसलास. तेव्हा मी तुला बदलून दुसरा मुलगा घेतला का?"

मोंजी हसला आणि पुढच्या आठवड्यात सवत घेऊन आला. लख्ख नवी डिस्क, माझ्या चौपट पोटाची. त्यानं पेटीचं झाकण काढलं, धूळ फुंकली, खाऱ्या हवेनं गंजलेले स्क्रू कसेबसे फिरवले आणि माझ्या खालच्याच खणात तिला बसवलं. माझ्या पाठीला जोडलेली तारांची ती चपटी पट्टी आजवर फक्त माझी होती. त्या पट्टीचं मधलं टोक त्यानं सवतीच्या पाठीला लावलं.

मशीन सुरू केलं, तर पडद्यावर दोघींपैकी एकही दिसेना. मला बरं वाटलं.

"थोरली कोण, धाकटी कोण, ते सांगावं लागतं, बाई," मोंजी म्हणाला. "पाठीवरची ही चिमुकली टोपी सरकवली की झालं. नाहीतर एका पट्टीवर दोघी नांदत नाहीत."

"थोरली जुनीच," बाई म्हणाल्या.

या मानाचं काय सांगू! सकाळी घर उघडायचं मी, झाडलोट करायची मी, आणि पाहुण्यांनी थेट जायचं धाकटीच्या खोलीत. नवं प्रत्येक गाणं तिच्याकडे. वर मोंजी म्हणे, "आवाज ऐका तिचा. आहे की नाही, कळतसुद्धा नाही!" ती एकदा तरी खरकन वाजावी म्हणून मी दिवसभर कान लावून बसायचे.

"आईंची अंगाईही नवीत उतरवून घ्या," मोंजी एकदा जाता जाता म्हणाला.

"का? जुनीला काही झालंय का?"

त्यानं मला तपासलं. आता माझा गुन्हा सांगते. आमच्या अंगावर थोड्या राखीव जागा असतात. एखादा भाग निकामी झाला, की तिथलं आम्ही गुपचूप राखीव जागेत हलवतो, कुणाला कळू देत नाही. माझ्या जवळजवळ सगळ्या जागा संपल्या होत्या. कण्हले असते, तर मोंजीला कळलं असतं. पण मग खदूजाबाईही त्या सवतीच्या घरी गेल्या असत्या. मी दात आवळून गप्प बसले.

"ठणठणीत आहे म्हातारी!"

"मग आईचं गाणं राहू दे तिच्यापाशी," बाई म्हणाल्या. "तिला तेवढाच तर मान उरलाय."

मी जिंकले होते. चार महिने.

ऑक्टोपसच्या मोसमात एका सकाळी माझ्या पोटात टक टक सुरू झालं. मोंजी धावत आला. बाकीची गाणी धाकटीकडे गेली, पण अंगाई मधोमध अडकली. "पुन्हा कर," बाई म्हणायच्या आणि तो पुन्हा करायचा. मी जीव तोडून देत होते हो, तेव्हा खरंच देत होते. आधीचं तिच्याकडे गेलं, नंतरचं गेलं. मधली अडीच मिनिटं माझ्यातच मेली.

"बाई, त्या ओळी तुम्हाला पाठ असतीलच ना?"

"रोज ऐकत होते," बाई हळूच म्हणाल्या. "पाठ कशाला करू? इथं होतं ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खदूजाबाईंच्या बहिणीला घरी आणलं. सल्लूहामावशी नव्वदीच्या. माइक पाहून म्हणाल्या, "हे काय, तोंडात घालायचं?" मग गायल्या. मधल्या ओळी आल्या तसं बाईंनी थांबवलं.

"मावशी, आई असं नव्हती गं म्हणत."

"तुझी आई चुकीचं म्हणायची! लहानपणापासून. त्यावरून दोनदा मार खाल्लाय तिनं माझ्या हातचा."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा ओला झाला. "मग तिच्यासारखं चुकीचं म्हणून दाखव ना."

मावशींनी आवाज बारीक केला आणि धाकट्या बहिणीच्या सगळ्या चुकांसकट अंगाई म्हटली. ती माझ्या सवतीत उतरली.

त्याच दिवशी मोंजीनं माझी पट्टी काढली. आता सवतच थोरली. "जुनी टाकू का?" त्यानं विचारलं. "असू दे तिथंच," बाई म्हणाल्या. म्हणून मी अजून वरच्या खणात आहे, मुकी. दुपारी खालची फिरू लागली, की तिची थरथर लोखंडातून माझ्यापर्यंत येते, आणि काय चाललंय ते मला कळतं.

जळते का? जळते. खोटं आता कशाला बोलू? सुखी राहा, असं मला तिला अजून म्हणवत नाही. पण एक सांगते गं, सवती. कुठं दुखलं, तर त्याच दिवशी ओरड.