रजा मिळाली नाही

मगर सकाळी नाश्त्यालाच माझ्या गळ्यात आली. कारण काय, तर हातातला चहा सांडला आणि मी "अगं बाई" म्हणाले. एवढंच. टेबलावरच्या अकराही जणांनी माना वळवल्या, आणि समोर बसलेल्या टेलरबाईने स्वतःच्या गळ्यातली हिरवी कापडी मगर काढून माझ्या गळ्यात अडकवली. कालपासून तिच्याकडे होती. कधी एकदा ही ब्याद टळते असं तिला झालं होतं.

इथला नियमच तसा. एस्पेरांतोच्या, म्हणजे कुठल्याच देशाची नसलेल्या, मुद्दाम बनवलेल्या भाषेच्या, या उन्हाळी वर्गात पाऊल टाकलं की एकवीस दिवस आपली भाषा बंद. जो बोलेल त्याच्या गळ्यात मगर, पुढचा कुणी चुकेपर्यंत. झोपेत बोललेलं तेवढं माफ, असं सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि तेही एस्पेरांतोतच, म्हणजे आम्हाला ते पाचव्या दिवशी कळलं.

आज एकविसावा दिवस होता. अकरा वाजता जावयाचा फोन यायचा होता आणि माझी नात माझ्याकडे सुट्टीला येणार की नाही ते त्या फोनवर ठरणार होतं. अशा दिवशी सकाळीच गळ्यात मगर. अडतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईने शकुन-अपशकुन मानायचे नसतात, मी मानतही नाही, पण दुसरा चहा काही घेतला नाही.

माझी लेक बावीस वर्षांची असताना अशाच एका वर्गाला गेली होती, आणि परत आली ती नवरा ठरवून. त्याला आपली भाषा येत नव्हती, तिला त्याची. दोघांचं सगळं, अगदी भांडणंसुद्धा, एस्पेरांतोत. लग्न करून ती त्याच्या देशात गेली. मुलगी झाली, तीही घरात तेच बोलायला लागली आणि दाराबाहेर बापाची भाषा. "हिला आपलं बोलणं कधी शिकवणार?" मी फोनवर विचारायचे. "थोडी मोठी होऊ दे गं आई, आत्ताच कशाला तिचा गोंधळ करू?" नात चार वर्षांची असताना लेक गेली. आता नात सात वर्षांची आहे. तीन वर्षं मी तिला मांजरांची नाहीतर फुलांची चित्रं असलेली कार्डं पाठवते आहे, आणि फोनच्या पडद्यावर आम्ही दोघी एकमेकींना हात हलवून दाखवतो. दोन मिनिटांत हात दुखतो, मग ती पळून जाते.

गेल्या वर्षी मी कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं, की पोरीला महिनाभर माझ्याकडे पाठव. जावयाचं उत्तर आलं, "जिथे तहान लागली हेसुद्धा तिला कुणाला सांगता येणार नाही, तिथे तिला कशी पाठवू?" मला संताप आला. दोन दिवस घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी वाटलं, बोलतोय ते बरोबर आहे, मीसुद्धा पाठवली नसती. मग त्रेसष्टाव्या वर्षी या वर्गाचा फॉर्म भरला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, तर म्हणू देत.

पहिल्या आठवड्यात अगदी नाकी नऊ आले. रोज सहा तास वर्ग, वर जेवताना आणि फिरतानाही तेच. बाकीचे लोक हौसेने आलेले. खोलीत माझ्याबरोबर असलेल्या टेलरबाईला कुठल्याशा दूरच्या शिंपिणीशी पत्रातून कापडाच्या गप्पा मारायच्या होत्या. मी मात्र परीक्षेला बसल्यासारखी घोकत होते. ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती लिहून द्यायची असते, तसा मी कागदच केला. नात काय काय विचारील ते एका बाजूला, माझं उत्तर दुसऱ्या बाजूला. तुझ्या घरी कुत्रा आहे का. मला कुठे झोपवशील. असे सव्वीस प्रश्न. जावयाने पत्रात एक सूचना केलीच होती, की आई आजारी असताना तू का आली नाहीस, हे पोर हल्ली सगळ्यांना विचारतं, तुम्हालाही विचारील.

तो सोळावा प्रश्न. उत्तरासमोर मी लिहिलं होतं, "मला रजा मिळाली नाही." सरांनी सगळा कागद लाल पेनाने तपासला. या वाक्याला त्यांनी हात लावला नाही. वाक्य अगदी शुद्ध होतं.

काल दुपारी कपडे वाळत घालताना मात्र माझा बांध फुटला. टेलरबाईला म्हणाले, आणि आपल्याच भाषेत म्हणाले, "मी रजा मागितलीच नव्हती गं."

तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

लेकीचा फोन आला होता, दोन दिवस ताप आहे म्हणून. मी वॉर्डात होते, तीस खाटा भरलेल्या. मी म्हटलं, पाणी भरपूर पी, गोळी घे, तीन दिवस बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आई, येतेस का?" मी हसले. "तापासाठी कुणी विमानाने येतं का गं?" वर्षानुवर्षं माणसं मरताना पाहिलेल्या बाईला घरच्यांचं दुखणं दुखणंच वाटत नाही. पोरगी लहानपणी पडली तरी मी आधी वॉर्डातली पडलेली माणसं आठवायचे आणि म्हणायचे, ऊठ, काही झालेलं नाही. चौथ्या दिवशी जावयाचा फोन आला. तो काय बोलला ते मला कळलं नाही, पण रडणं कळलं. नंतर जो तो विचारायला लागला तेव्हा मी सांगितलं, रजा मिळाली नाही. नातेवाइकांना सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, जावयाला दुसऱ्याकडून कळवलं. आमची मेट्रन बिचारी पाच मिनिटांत रजा देणारी बाई, तिला फुकट बदनाम केलं.

"मग आता कशाला उकरताय, सिस्टर?" टेलरबाई म्हणाली. "सात वर्षांचं लेकरू आहे. त्याला काय कळतंय? कागदावर आहे ते म्हणा आणि मोकळ्या व्हा. एकदा पोर घरी आलं की—"

तेवढ्यात सर कोपऱ्यावरून आले. बोलले होते मी, पण त्यांनी पाहिलं तेव्हा तोंड तिचं उघडं होतं, म्हणून मगर तिच्या गळ्यात पडली.

आज अकराला पाच मिनिटं असताना मी सरांच्या ऑफिसात जाऊन बसले. कॉम्प्युटर त्यांनी लावून दिला आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. टेलरबाई दाराजवळच्या स्टुलावर बसली, धीर द्यायला. कागद मी पडद्याखाली चिकटवला होता. मगर काढायची राहिली, खरं तर काढायची परवानगीच नव्हती.

नात दिसली. पुढचे दोन दात पडलेले.

"मगर!" ती ओरडली आणि तिने बापाला पडद्यासमोर ओढलं. तिला नियम माहीत होता. हे तिच्या आईनेच सांगितलेलं असणार. "आजी, तू काय बोललीस?"

"चहा सांडला," मी एस्पेरांतोत म्हणाले.

ती हसली. मला माझ्या नातीचं बोलणं कळलं होतं आणि तिला माझं. मी कागदाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

कुत्रा झाला. झोपायचं झालं. मी अडखळत होते, तरी गाडी पुढे जात होती. जावई मागे हाताची घडी घालून उभा होता, मधूनमधून मान हलवत होता. मी मनात म्हटलं, पाठवतोय, पाठवतोय हा.

मग ती नखाने टेबल खरवडायला लागली. मला कळलं.

"आई आजारी होती तेव्हा तू का आली नाहीस?"

"मला रजा मिळाली नाही." एका दमात, एकही चूक न करता.

तिने मान हलवली. मला वाटलं, सुटले. तिने पुन्हा तोंड वर केलं.

"तू मागितली होतीस?"

हा प्रश्न कागदावर नव्हता.

दाराजवळून टेलरबाई कुजबुजली, "हो म्हणा, सिस्टर. हो म्हणा." आपल्या भाषेत. सरांनी ऐकलं, पण मगरीकडे बोट दाखवलं नाही. ते जमिनीकडे बघत राहिले.

आपल्या भाषेत हा प्रश्न मला हजार वेळा हजार जणांनी विचारला असता तरी मी निभावून नेलं असतं. अगं बाळा, तेव्हाची गोष्टच वेगळी होती, तुला मोठी झालीस की सांगीन. डोक्यावरून हात फिरवला असता, विषय बदलला असता. पण या भाषेत माझ्याकडे जेमतेम सहाशे शब्द होते, आणि त्यात सबबी नव्हत्या. त्या कुणी शिकवल्या नव्हत्या. 'हो' होतं, 'नाही' होतं. मी जावयाकडे पाहिलं. पोर यायची तर 'हो' म्हणायला हवं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी रजा मागितली नाही."

जावयाची हाताची घडी सुटली.

"मला वाटलं, छोटा ताप आहे. तिने मला बोलावलं. मी हसले. मी नर्स आहे आणि मला कळलं नाही." पुढचा शब्द सापडेना. जो सापडला तो म्हणाले. "माझं चुकलं."

नात बापाकडे वळली आणि त्याच्या भाषेत भराभर काहीतरी बोलली. त्यातलं मला अक्षर कळलं नाही. तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला, हळू आवाजात काही सांगत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात मी सेकंदकाटा बघत होते, नाडी मोजताना बघतात तसा. दोन मिनिटं गेली. मला वाटलं, संपलं. स्वतःच्या जिभेने पोर घालवलं.

मग तो एकटा पडद्यासमोर आला. डोळे लाल.

"तीन वर्षं मी तुमच्या हॉस्पिटलवर रागावलो होतो," तो म्हणाला. मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला. मी मान हलवली. माझ्यावर रागावायचा त्याला हक्क होता, आणि तो राग आता कुठे जायचा ते मला ठाऊक होतं.

त्याने मागे वळून पोरीकडे पाहिलं. "मलाही ताप छोटा वाटला," तो म्हणाला. "मी ऑफिसला गेलो होतो."

मी पडद्याखालचा कागद सोडवला आणि घडी करून ठेवला.

"महिना नाही. दहा दिवस," तो शेवटी म्हणाला. "आणि मी बरोबर येईन."

"ठीक आहे," मी म्हणाले. एक महिना मागायला बसले होते. घासाघीस केली नाही.

तो उठणार इतक्यात नातीने त्याच्या काखेतून डोकं पुढे काढलं.

"तुझ्याकडे थर्मामीटर आहे?"

एस्पेरांतोत हा शब्द जवळजवळ तसाच आहे. मी पर्स उघडली. निवृत्त झाले तरी तो पर्समध्ये असतोच, जुना, पाऱ्याचा, स्टीलच्या नळीत. काढून पडद्यासमोर धरला.

"मला ताप आला तर लावशील?"

"लावीन."

"आणि मग?"

"मग बसेन," मी म्हणाले. "तुझ्याजवळ. दिवसभर."

तिने थर्मामीटर नीट बघून घेतला, आणि पडदा काळा झाला.

सर उठून बाहेर गेले. टेलरबाई जवळ आली, माझ्या गळ्यातली मगर काढली आणि आपण होऊन स्वतःच्या गळ्यात घातली. ती मघाशी बोलली होती ना, नियम म्हणजे नियम. मी थर्मामीटर उजेडाला धरून पाहिला, सवयीने दोनदा झटकला, पारा पार खाली गेल्याची खात्री केली आणि नळीत घालून टोपण लावलं.