आतली कडी

"अप्पा, हे आजच्या दिवस गच्चीवर ठेवून येते," सुकन्या म्हणाली. म्हणाली विचारल्यासारखं, पण तोवर वॉकर तिच्या एका हातात होता आणि संडासची खुर्ची दुसऱ्या हातात.

माणिकप्पा, तिचे सासरे, पलंगावर बसून होते. अर्धांगाचा झटका येऊन दहा महिने झालेले. डावा हात छातीशी आखडलेला, डावा पाय ओढत चालणं.

"जळकोटहून लोक यायलेत, त्यांच्या पोरीसाठी भाड्याची खोली बघायला. तुम्ही आतच बसा. आणि आतून कडी लावा. कुणी दार ढकलून बघितलं तर..."

"कडी?" अप्पांनी विचारलं.

"तासभरच हो."

आता, ज्या घरात भूकंपापासून कुणी आतून कडी लावली नव्हती, त्या घरात हे सांगायला जीभ कशी रेटली असेल तिची? त्या पहाटे अप्पांची थोरली बहीण किल्लारीकडच्या खेड्यात कडी लावलेल्या दाराआड गाडली गेली होती. तेव्हापासून अप्पांचा हुकूमच होता, दार नुसतं लोटायचं. पण सुनेनं सांगितलं आणि म्हातारा उठला. भिंत धरत धरत गेला आणि कडी लावली.

सुकन्या दुष्ट नव्हती. अप्पा मोंढ्यात धान्य मोजणारे मापाडी होते. एकाला एक न म्हणता 'लाभ' म्हणून मोजायचे, तेव्हा त्यांची हाळी मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला जायची. ते घरी बसले आणि घर वरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर आलं. लातुरात क्लासेसचं पीक आलेलं, पोरं चारी दिशांनी येत होती. पण गेल्याच आठवड्यात एक बाप दारातला वॉकर बघून जिन्यावरनंच परतला. "घरात दुखणं हाय. पोरीचं ध्यान लागायचं न्हाई," म्हणाला. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "लकवा मारलेल्या बाजूचं हाड ठिसूळ होतं, बाई. आणि माणूस पडतो तोही त्याच बाजूला. खुबा मोडला तर पुन्हा उभं राहणं अवघड. वॉकर हाताशी पाहिजे." तिनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

जळकोटचे मलप्पा बायको-पोरीला घेऊन आले. खोली बघितली, नळ सोडून बघितला. चहाला बसल्यावर विचारलं, "घरात कोन कोन असतंय?"

"आम्ही नवरा-बायको आन् सासरे. ते निलंग्याला गेलेत. चांगले धडधाकट हायत."

तेवढ्यात मागच्या खोलीत धप्पकन काहीतरी पडलं.

"मांजर," सुकन्या म्हणाली. "लई उच्छाद मांडलाय मेलीनं."

हाक येते का म्हणून तिनं कान दिला. हाक आली नाही. हाक नाही म्हणजे काही नाही, असं तिनं मनाला पटवलं आणि वाट्यांत चिवडा वाढला. मलप्पा पाऊण तास बसले. खोली पक्की करून गेले.

मग ती धावली.

"अप्पा?"

आतून हलका आवाज आला, "गेले का लोकं?"

"हाव, गेले."

"मग ये पोरी. पडलोय मी."

गंजलेली कडी दोन धक्क्यांत निघाली. अप्पा खोलीतल्या न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले होते. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. धोतर ओलं झालं होतं, त्यावर त्यांनी कसाबसा टॉवेल ओढून घेतला होता. दाताखाली ओठ धरून धरून रक्त आलेलं.

"ठरली का खोली?" त्यांनी विचारलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, केव्हा पडले? "आत्ताच की," अप्पा म्हणाले. "ही पळतच आली." सुकन्या फरशीकडे बघत उभी राहिली. तिचा नवरा संगप्पा येईल त्याला सांगत होता, "सुकन्या घरी होती म्हणून निभावलं." शेजारच्या कमलम्मानं तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असली सून दिवा घेऊन हुडकली तरी घावायची न्हाई!"

धरणीमाय पोटात घे, असं म्हणतात अशा वेळी. पण जिथं तिनं खरोखर घेतली माणसं, तिथं ते म्हणायचीही सोय नव्हती.

ऑपरेशन झालं, पण अप्पा पुन्हा चालले नाहीत. त्यात हिवाळ्यात खोकला धरला. मलप्पांची पोरगी गुणी निघाली, अप्पांना पेपर वाचून दाखवायची. एकदा तिनं सहज विचारलं, "काकू, अप्पा निलंग्याहून आल्यावर पडले का?" सुकन्या भाकरी थापत होती. भाकरी करपली.

पुढचा जून आला. मुरुडच्या शकिलाबी लेकीला, हुमाला घेऊन खोली बघायला आल्या. वॉकर बाहेरच्या खोलीत दाराशीच उभा होता. आता तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता, तरी सुकन्या त्याला रोज फडकं मारायची.

"भाभी, ह्ये कुणाचं हो? कुणी बिमार हाय का घरात?"

संगप्पा तिथंच बसला होता. सुकन्यानं पदर सारखा केला.

"माझ्या सासऱ्यांचं. गेल्या साली लोकं यायचे म्हणून मी हे गच्चीवर लपवलं. त्यांना कडी लावायला लावली. ते आत पडले. आवाज मी ऐकला होता, तरी मांजर हाय म्हणाले. पाऊण तास ते तसेच पडून होते." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हालाबी सांगितलं नव्हतं."

संगप्पाच्या हातातली बशी तशीच राहिली. आणि त्या शांततेत सुकन्याच्या ध्यानात आलं, पहाटेपासून चाललेला अप्पांचा खोकला पाहुणे आल्यापासून बंद आहे.

ती आत गेली. अप्पांनी टॉवेलचा बोळा तोंडात धरला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. त्यांनी उजव्या हातानंच विचारलं, गेले का?

"न्हाई गेले. बसलेत." तिनं बोळा काढून घेतला. "खोका, अप्पा. मोठ्यानं खोका. ऐकू जाऊ द्या लोकाला."

अप्पांनी उघड्या दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. आणि खोकले. मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा तो आवाज राहिला नव्हता, पण बाहेरच्या खोलीपर्यंत गेला.