मंदिर रूम

बंगलोरच्या फ्लॅटचा नकाशा ह्यांनी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठा करून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मी पूजा आटोपून नैवेद्याचं ताट घेऊन आले, तर ताट ठेवायला जागाच नाही.

"हे बघ," हे म्हणाले, "तुझ्या देवांची सोय झाली. वेगळी खोली! एम. आर. म्हणजे मंदिर रूम."

स्वयंपाकघराच्या मागे एक लहानसा चौकोन होता आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं. मी ताट हातात धरूनच वाकून पाहिलं. एवढ्या महाग शहरात, एवढ्या श्रीमंत वस्तीत देवाला स्वतंत्र खोली देतात, हे मला ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात मी चिंतामणीला हात जोडले.

आमचा अवधूत नोकरीला लागल्यापासून बंगलोरला आहे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानं लकडा लावला, यवतमाळचं घर विका, इकडे या, मोठा फ्लॅट घेऊ, सगळे एकत्र राहू. जागा त्यानं दोन दाखवल्या होत्या. एक शहराबाहेरचं नवं उपनगर. तिथे मोठं फाटक, शिपाई, लिफ्ट, पोहायचा तलाव, फिरायला बाग. दुसरी जुन्या वस्तीतली, तळमजल्याची, जवळ दत्ताचं देऊळ आणि आजूबाजूला काही मराठी घरं. "आई, तू बोट ठेवशील तिथे घेऊ," तो म्हणाला होता. माझं बोट जुन्या वस्तीवर होतं, पण सूनबाईला ती पसंत नाही, असं त्यानं मागाहून हळूच सांगितलं होतं. ह्यांचं मन उपनगरावर. कॉलनीत भेटेल त्याला हे सांगत सुटले होते, "पॉश एरिया आहे बाप्पा, आपल्यासारख्याले तर गेटवरच अडवतील!"

पण मंदिर रूम म्हटल्यावर माझंही बोट हळूहळू सरकलं.

त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. ह्यांनी नकाशाच फोनसमोर धरला. "काय रे अवधूत, एम. आर. म्हणजे मंदिर रूमच ना?"

अवधूतनं एकदा बाजूला पाहिलं. तिकडे सूनबाई समीक्षा असावी, तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं. मग तो हसला. "हां... बाबा, बरोबर ओळखलंत."

हे खूश झाले. मला मात्र ते बाजूला पाहणं खटकलं. लहानपणी नैवेद्याच्या आधी लाडू खाल्लेला असला की हा असाच बाजूला पाहायचा. पण तेव्हा बाजूला भिंत असायची, आता बायको आहे. मी मनाशी म्हटलं, ही समीक्षाच त्याला काहीतरी शिकवून राहिली आहे. देवानं मला क्षमा करावी, पण तसं वाटलं खरं.

मी जेवताना मौन पाळते. हे बोलत असतात, मी ऐकत असते, हात धुतल्यावरच उत्तर देते. दुसऱ्या दिवशी नकाशा टेबलावर तसाच पडून होता आणि हे सांगत होते की तिकडे दूध महाग, भाजी महाग, रिक्षा तर विचारूच नको, पण राहणीमानही तसंच. मी घास चावता चावता एम. आर.कडे पाहत होते. त्या चौकोनाला चिकटून एक आणखी लहान चौकोन होता आणि त्यात अंड्यासारखा एक आकार. मी नकाशावर शोधलं. तसंच अंडं अवधूतच्या बेडरूमला लागून होतं. आमच्या बेडरूमला लागूनही होतं. हॉलजवळही एक होतं. मला कळलं ते काय आहे. पण बोलायचं नव्हतं. पानातलं सगळं संपवलं, उठले, हात धुतले आणि मग विचारलं.

"अहो, देवघराला लागून संडास कशाला?"

हे चष्मा लावून वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"पुजाऱ्यासाठी असेल," हे म्हणाले.

"पुजारी राहायला येतो की काय?"

"पॉश एरिया आहे. येतही असेल. तू ना, कशातही खोट काढत राहतेस."

"खिडकीही नाही ह्या खोलीला. आणि दार मागच्या पॅसेजमध्ये उघडतंय."

"देवाले खिडकी कायले लागते?"

हे रागावले की घरातही मधूनच वऱ्हाडीत बोलतात. त्या दिवशी जपात माझं चित्त लागलं नाही. माळ ओढत होते आणि प्रत्येक मण्याला ते अंडं डोळ्यांपुढे येत होतं.

आमच्या मागच्या गल्लीत बबिता राहते. तिचा नवरा इंद्रजीत बांधकामाची ठेकेदारी करतो. मूळचे दिग्रसकडच्या तांड्यातले, आता इथे भाड्यानं राहतात. आमचं घर तेच घेणार होते. ह्यांनी इंद्रजीतला तसा शब्द देऊन टाकला होता, आणि बबिता एकदा येऊन खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन गेली होती, पडद्यांसाठी. इंद्रजीतला नकाशे कळतात, म्हणून मी नकाशाची गुंडाळी पदराखाली घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं उलगडून पाहिलं, एम. आर.वर त्याची नजर गेली आणि ओठ हसायला हलले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हसू गिळून टाकलं.

"काकू, तिकडली पद्धत वेगळी असते," तो म्हणाला.

"पण म्हणजे काय असतं ते?"

"आता प्रत्येक बिल्डरचं वेगळं असते ना, काकू. आपन कसं सांगाव?"

बबिता आतून म्हणाली, "काकू, तुमी मस्त जा न् मजेत राहा. लेकाजवळ जाऊन राह्यले, आनखी काय पाह्यजे मानसाले?" आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मी नकाशा गुंडाळून उठले. घरी येताना वाटलं, ह्या दोघांना आमचं घर हवं आहे. आमच्या ह्यांना पॉश एरिया हवा आहे. अवधूतला त्याचं त्याला काय हवं आहे ते त्यालाच ठाऊक. मला खरं सांगून कुणाचाच फायदा नाही.

उरली समीक्षा. जिच्यावर माझा सगळ्यांत जास्त संशय, तिलाच विचारायचं ठरवलं. खोटं बोलली तरी आवाजावरून कळेल. अवधूत ऑफिसात असेल अशा वेळी फोन केला. ती तिकडे एका शाळेत शिकवते, नुकतीच घरी आली होती. मागे कुकरची शिटी ऐकू येत होती.

"समीक्षा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, आई."

"एम. आर. म्हणजे काय ग?"

कुकरची आणखी एक शिटी झाली. तिनं गॅस बंद केला असावा.

"मेड रूम, आई. घरी राहणाऱ्या कामवाल्या बाईची खोली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी त्याला त्याच रात्री म्हटलं होतं, आईंना सांग म्हणून. तर म्हणाला, मंदिर रूम बाबाच म्हणाले, मी कुठे खोटं बोललो? मी फक्त हां म्हटलं."

"आणि देव?"

"देव तिथेच ठेवू म्हणत होता. फरशी नवी घालू, संडासाचं दार भिंतीनं बंद करू. आईला कळणारही नाही म्हणाला." ती थांबली. "आई, रागावू नका, पण मलाही एक विचारायचं आहे. तुम्हाला तीच जागा का हवी होती? एवढी लांब?"

"मला?"

"हो ना. मला ती जुन्या वस्तीतली आवडली होती. माझी शाळा तिथून जवळ. तर अवधूत म्हणाला, आई-बाबांचं मन उपनगरावर आहे, घर विकून येत आहेत बिचारे, त्यांचं ऐकायला हवं. म्हणून मी गप्प बसले. माझा रोज जायचा-यायचा किती वेळ जाणार आहे, माहीत आहे तुम्हाला?"

मी पलंगावर बसले. "समीक्षा, मला तो म्हणाला, जुनी वस्ती तुला पसंत नाही."

मग ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"ती जुनी जागा आता आहे का ग अजून?" मी विचारलं.

"कसली असणार, आई. ती आम्ही आतून पाहिलीसुद्धा नाही. उपनगरातल्या फ्लॅटचं बुकिंग दसऱ्यालाच झालंय."

दसऱ्याला. आणि मला त्यानं बोट ठेवायला सांगितलं होतं दिवाळी होऊन गेल्यावर.

त्या संध्याकाळी सांजवात लावली, स्तोत्र म्हटलं आणि मग मीच व्हिडिओ कॉल लावला. एरवी फोन हे लावतात. हे आश्चर्यानं शेजारी येऊन बसले.

"अवधूत," मी म्हटलं, "समीक्षाशी बोलले मी."

त्यानं बाजूला पाहिलं. तिकडे कुणीच नव्हतं.

"आई, अगं, तो संडास काढून टाकतो मी. खिडकी पाडून घेऊ. कुणाला कळणार पण नाही की..."

"देवांचं नाही विचारत मी. देव हॉलमध्येही राहतील, कपाटातही राहतील. तू बुकिंग झाल्यावर मला दोन जागा कशाला दाखवल्यास?"

"काय? बुकिंग झालंसुद्धा?" हे मध्येच म्हणाले. त्यांना हे नवीनच होतं. खरं तर मला हायसं वाटलं. म्हणजे हे त्यात नव्हते.

अवधूतनं डोळे चोळले. "आई, कंपनीतले सगळे तिकडे घेताहेत. पुढे भाव वाढणार आहेत. हे मी आधी सांगितलं असतं तर तू देवळाचं काढलं असतंस, समीक्षानं शाळेचं. रोज कटकट. मला वाटलं, प्रत्येकाला आपणच निवडलं असं वाटलं म्हणजे कुणी कुणावर रागावणार नाही. तुझ्या सुखासाठीच केलं ना ग."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"बरं," मी म्हटलं. "आम्ही येऊ. पाहुणे म्हणून येऊ, राहू, परत येऊ. घर विकायचं नाही."

"आई, असं कसं? फ्लॅटचं सगळं त्या घराच्या पैशांवरच..."

"मोठा फ्लॅट कुणाच्या बोटानं घेतलास ते तूच पाहा, बाळा. लहान घे."

फोन ठेवल्यावर हे उठून येरझारा घालू लागले. "इंद्रजीतला शब्द दिलाय मी! कॉलनीत तोंड कसं दाखवू?"

"शब्द तुम्ही दिलात. घर माझ्या नावावर आहे."

लग्नाच्या इतक्या वर्षांत मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. हे थांबले. हळूच विचारलं, "तुझा आपल्या पोरावर विश्वास नाही काय?"

"आहे. पण तो उद्या आणखी कशाला तरी हां म्हणेल. तेव्हा परत यायला जागा असू द्या."

ह्यांनी नकाशासाठी मांडलेल्या वाट्या उचलून मोरीत ठेवल्या.

सकाळी बबिताकडे मलाच जावं लागलं. ह्यांनी जायला साफ नकार दिला. बबिता दारातच पडद्याचं कापड पसरून काठ दुमडत बसली होती. मोरपंखी रंगाचं, चांगलं कापड होतं. मी चपला काढल्या, उंबऱ्याशी उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. आम्ही जात नाही, घर विकत नाही, तुमची निराशा केली, माफ कर.

बबितानं सुई कापडात खोचून ठेवली.

"काहून, काकू? एकाएकी?"

"मुलानं एक गोष्ट आमच्यापासून लपवली. मन उठलं."

"कोनती गोष्ट?"

आता मंदिर रूम आणि मेड रूम हे सगळं कसं सांगायचं? मुलाची अब्रू रस्त्यावर कशी आणायची? मी म्हटलं, "घरातलीच आहे."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "काकू, खरं सांगा. दुसरं गिऱ्हाईक भेटलं ना?"

"नाही ग."

"मंग तुमच्या चिंतामनीची आन घ्या."

"मी आण घेत नाही, बबिता. देवाला असं साक्षीला ओढायचं नाही, हा माझा नेम आहे. साधं सांगते, कुणी गिऱ्हाईक नाही."

"मंग झालं," बबिता म्हणाली आणि आत वळून मोठ्यानं हाक मारली, "आवो, आयकलं काय? म्या म्हनलं नव्हतं? नकाशा घिऊन आलत्या ना त्या, तवाच मले शंका आल्ती!"

इंद्रजीत टॉवेलनं हात पुसत बाहेर आला. रागावलेला दिसत नव्हता. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली, पंखा लावला आणि अगदी आदबीनं विचारलं,

"काकू, कोन पार्टी हाय? त्यायनं जे म्हनलं, तेच आमी देतो ना. तुमी फक्त आकडा सांगा."