तळीचं फाटक

गावावरच्या कातळी सड्यावर प्रकल्प आला आणि तिथला धनगरवाडा आमच्या वेशीला येऊन टेकला. तोवर त्या वाड्यातल्या धाकू वरकाचं दूध सगळ्या गावाला गोड लागत होतं. त्याच्या म्हशी तळीवर उतरल्या आणि आम्हाला आपल्या उन्हाळी वायंगण भाताची काळजी लागली. सगुणचं शेत तळीला लागूनच. त्यामुळे गावाचं हित त्याला सगळ्यांच्या आधी कळलं. त्याने कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली.

शिगम्याच्या तोंडावर धाकूची म्हातारी म्हैस चांदरी त्याच फाटकाला तोंड लावून मेली. त्या संध्याकाळपासून कुंपणाच्या आत तिची घंटा वाजू लागली.

"वारो असतलो," सगुण म्हणाला.

"वारो पाणी पिता?" त्याची बायको प्रभावती म्हणाली. "माका आयकू येता तां!"

मग शेताकडे पाणी वळवायला कोणी जाईना. भात पिवळं पडलं, तेव्हा गावाला तळीचा देव, राखणदार आठवला. तळीवरच्या त्याच्या दगडापुढे गाऱ्हाणं घालायचं ठरलं. गाऱ्हाणं सगुणच घालतो. त्याचा आवाज मोठा.

धाकू उरलेल्या म्हशी घेऊन फाटकाबाहेर उभा होता. "सगुणबाब, गाऱ्हाण्यात दरवर्षीची माझी ओळ तेवडी घे. आता पाणी नाय मेळला तर म्हशी विकूक लागतल्यो."

"ओळ सड्यावरच्या धनगराची. सडो गेलो, ओळ गेली."

आम्ही सगुणच्या हातात नारळ दिला. पाणी आम्हालाही हवं होतं.

सगुणने नारळ ठेवला. "बा राखणदारा म्हाराजा, तळीचा पाणी आटा नये!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"शेतातलो सोरोप, रानातलो वाघ, तेंका बांधून घाल!"

"व्हय म्हाराजा!"

यापुढची ओळ धनगराच्या जितराबाला पाणी मिळो, अशी. सगुणने ती गिळली आणि दम घ्यायला थांबला. तेवढ्या रिकाम्या जागेत, बापजाद्यांपासूनची सवय, आम्ही सगळे एका तोंडाने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

पानसुद्धा हललं नाही.

"झाला," प्रभावती म्हणाली. "राखणदाराक होकार दिलास. आता तेच्याम्होरच कुलूप घालतलास?"

सगुणने आमच्याकडे पाहिलं. आम्ही नारळाकडे पाहिलं. शेवटी त्याने करगोटा चाचपला.

फाटक उघडलं. म्हशी धावल्या नाहीत, एकेक करून आत गेल्या. चांदरी गेल्यापासून धाकूने सगळ्यांच्या गळ्यातल्या घंटा काढून टाकल्या होत्या. तरी घंटा वाजली, अगदी आमच्या गुडघ्याजवळून, आणि पुढे पाण्याकडे गेली.

काठावर म्हशी एकमेकींना खेटून पीत होत्या. धाकूने कडेच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली.

"सर गे मातशी. तिकाय जागा दी."

म्हैस बाजूला झाली. मोकळ्या झालेल्या जागेतलं पाणी हलू लागलं. कुलूप सगुणच्या हातातच राहिलं.