चार बोटं वर

सिंधुनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून नावेच्या अंगाला टेकवला, तोच नवऱ्यानं, मलप्पानं, तिचं मनगट धरलं.

"तिथं नको. चार बोटं वर घे."

"आवं, साहेबानं मागल्या साली टेप लावून खूण दिली हुती."

"ती गेली की डांबराखाली. त्यांना काय सपान पडतंय?"

सिंधु थांबली. पट्टा बुडाला की नावेत माणसं जास्त झाली, एवढाच त्याचा अर्थ. मांजरा नदी आटत आटत एका डोहापुरती उरली होती आणि पलीकडं दुष्काळी काम निघालं होतं. खडी फोडायला रोज शंभरेक माणसं जायची. बारा-बारा नेली तर शेवटच्यांची हजेरी बुडायची. मागच्या सोमवारी सोळा बसली होती. नावेच्या काठावरून पाणी आत आलं तेव्हा बायका भिऊ नयेत म्हणून सिंधु हसत हसत पातेल्यानं उपसत राहिली होती.

तिनं चार बोटं वर पट्टा ओढला. बाभळीखाली झोळीतलं लेकरू रडायला लागलं, तरी तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती, म्हणून काठावर निम्मं गाव जमलं. नवा जिल्हा झाल्यापासून तपासणीचे साहेब लातूरहून यायचे. त्यांनी दोर ताणून पाहिला, हवा भरलेल्या ट्यूबा दाबल्या. मग नाव पाण्यात लोटायला लावून बारा जणांना चढायला सांगितलं. मलप्पाची चुलती गौरम्मा सगळ्यात आधी चढली.

"बगा साहेब, आमच्या सुनंचा हात. सूत धरल्यावानी पट्टा!"

पट्टा पाण्याच्या बराच वर राहिला. साहेब वाकून बघत होते.

"मागच्या वर्षी पाणी अगदी टेकलं होतं."

"लोकं वाळली साहेब," मलप्पा म्हणाला. "वजन ऱ्हायलंय कुठं?"

काठावर हशा पिकला. साहेबही हसले. मग सिंधुकडं वळले.

"बाई, जुन्याच खुणेवर काढलात ना?"

नावेतून गौरम्मा तिच्याकडं कौतुकानं बघत होती.

"हाव," सिंधु म्हणाली आणि सारखाच असलेला पदर पुन्हा सारखा केला.

"मग बारा कशाला? पंधरा लिहा. मी कागदावर तसं करतो."

जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली. माणसं पांगली. गौरम्मा तेवढी लेकराला मांडीवर घेऊन बसली. मलप्पानं हसत रंगाचा डबा सिंधुपुढं सरकवला. अक्षर तिचं चांगलं, चौथी झालेली.

नावेच्या नाकाडावर तिनं एकाचा आकडा काढला. ब्रश तसाच धरून ठेवला. रंगाचा एक थेंब पायावर पडला. मग तिनं दोन काढला, ठसठशीत.

"अगं..." मलप्पा म्हणाला.

ती खुरपं घेऊन पट्ट्याखालचं डांबर खरडायला लागली.

"काय गं करायलीस?" गौरम्मा म्हणाली. "इतका सरळ पट्टा!"

"सरळ हाय, काकी. जागा चुकली माझी."

गौरम्माचा लेकराला थोपटणारा हात थांबला. तिनं एकदा पट्ट्याकडं पाहिलं, एकदा मलप्पाकडं. मग पुन्हा थोपटायला लागली.

डांबराखालून नखाएवढा जुना पांढरा रंग दिसला. मलप्पा डोहाकडं तोंड करून उभा होता.

"मग उद्या पहाटं चारालाच नाव सोडावी लागंल," तो म्हणाला.