उरलेला शब्द

बाईंनी कपाचं चित्र तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"हे काय आहे, मिस्त्री?"

मिस्त्रीने चित्राकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा जीव खालीवर झाला.

"सोमवारी तर बोलत होते," ती म्हणाली. "तुम्हीच ऐकलंत ना."

ऐकलं होतं. पक्षाघात झालेल्यांना पुन्हा बोलायला शिकवण्यासाठी बाई दवाखान्याकडून सोमवारी आणि गुरुवारी घरी यायच्या. बाईंचं सोडा, सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. तीन महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात मिस्त्रीचा उजवा हात गेला, पाय गेला आणि जन्मभर साठवलेल्या शब्दांतला नेमका एकच मागे राहिला. च्यायला. भूक लागली तरी च्यायला, पोट भरलं तरी च्यायला. फादर भेटायला आले तेव्हा डावा हात पुढे करून, अगदी मनापासून, त्याने तोच शब्द म्हटला. बायकोला तोंड कुठे लपवू असं झालं. बाई मात्र खूश होत्या. शिवी असली म्हणून काय झालं, तोंडातून निघतेय ना, तोच धागा धरून बाकीचे शब्द ओढून आणू, असं त्या म्हणायच्या.

आता धागाच हातातून गेला होता.

दारात बूट घालताना बाईंनी आवाज खाली आणला.

"सोमवारी शेवटची तपासणी आहे. एक शब्द असला तरी मला पुढची मुदत मागता येते. काहीच नसलं तर त्यांची जागा यादीतल्या दुसऱ्याला जाते. आणि बोलणं यायचं ते याच महिन्यांत येतं, हे तुम्हाला सांगितलंच आहे मी."

बाई गेल्यावर ती भिंतीवरच्या क्रुसासमोर जाऊन उभी राहिली. तीन महिने ती रोज मोठ्याने मागत होती. 'एक शब्द दे. नुसतं अगं दे, एवढंच.' मिस्त्री तिला आयुष्यभर अगं म्हणूनच हाक मारत आला होता. वरून काही हललं नाही. बंद दुकानाचं शटर वाजवत बसावं तसं तिला वाटायचं. आदल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादरांनी घरी येऊन मिस्त्रीच्या कपाळाला राख लावली. तो शून्यात बघत होता. फादर तिच्याकडे वळले तेव्हा ती म्हणाली, "मला नको, फादर. माझ्यावर पुरेशी पडलीय."

आता तिने मागणं आणखी खाली आणलं. 'अगं नको. शिवी तरी परत दे.'

शुक्रवार गेला, शनिवार गेला. तिने त्याला थंडगार चहा दिला, एकदा तर चिमटाही काढला आणि मग स्वतःचीच लाज वाटून मोरीत जाऊन रडली. मिस्त्री हूं की चूं करत नव्हता.

रविवारी सकाळी ती त्याची दाढी करत होती. हात हलला, हनुवटीवर पातं लागलं.

"च्यायला," मिस्त्री म्हणाला.

ती साबणाच्या हातानेच थबकली. तो थांबेचना. आरशाला म्हणाला, टॉवेलला म्हणाला, खिडकीवरच्या कबुतराला दोनदा म्हणाला आणि शेवटी तिच्याकडे बघून इतक्या हळुवारपणे म्हणाला की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने दवाखान्यात फोन लावला. नुसता वाजत राहिला. रविवारी तिथे कोण असणार?

रविवार. तिने फोन खाली ठेवला आणि मटकन बसली.

राखेच्या बुधवारी सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कोणी गोड सोडतं, कोणी दारू. मिस्त्री दरवर्षी शिव्या सोडायचा. माझ्याकडे भरपूर आहे ते एवढंच, म्हणायचा. ईस्टरपर्यंत गॅरेजमधले लोक त्याला मुद्दाम गंजलेले नट काढायला द्यायचे. एकदा जॅक निसटून अंगठा चेचला, नख काळंठिक्कर पडलं, पण गड्याने तोंड उघडलं नाही. सुट्टी फक्त रविवारी, कारण चाळीस दिवसांत रविवार मोजत नाहीत. मिसेची प्रार्थना संपली की देवळाच्या पायरीपासून आठवड्याचा साठा मोकळा करत तो घरी यायचा. ती चार पावलं मागे राहायची, ओळख नसल्यासारखी.

ती त्याच्या गुडघ्याशी सरकली.

"अहो, उद्या बाईंसमोर एकदाच म्हणा. देव काही धरून बसणार नाही."

मिस्त्रीचा डावा हात हळूहळू वर गेला आणि कपाळावर, राख लावली होती त्या जागी टेकला.

तिला भयंकर राग आला. सगळं गेलं, आणि हट्ट तेवढा राहिला.

सोमवारी ती तयारीने उभी राहिली. ॲप्रनच्या खिशात त्याचाच मोठा पाना होता. तो त्याच्या खुर्चीमागे फरशीवर आदळला की शब्द आपोआप उडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रविवारचं सगळं तिने बाईंना सांगून पाहिलं होतं. बाईंनी मायेने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरच्यांना वाटतं तसं. मला माझ्या कानांनी ऐकावं लागतं."

कपाचं चित्र वर आलं. तिने पाना बाहेर काढला.

समोरच्या आरशात मिस्त्रीचा चेहरा दिसत होता. वरच्या ओठावर घाम, गळ्याच्या शिरा ताठ. शब्द तोंडाशी येऊन थडकत होता आणि तो सगळ्या ताकदीनिशी त्याला आत दाबत होता. हात त्याचा राहिला नव्हता, पाय राहिला नव्हता. एवढंच काय ते अजून त्याच्या मर्जीने चालत होतं. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. पाना त्याला दिसला होता.

तिने तो परत खिशात ठेवला.

बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, मिस्त्रीचा हात हातात घेतला आणि त्या गेल्या. त्या आता परत येणार नव्हत्या.

ती टेबल आवरायला वाकली आणि खिशातला पाना घसरून थेट तिच्या अंगठ्यावर पडला. डोळ्यांपुढे अंधारी आली. शब्द जिभेच्या टोकावर आला. तिने तो गिळला.

मिस्त्री तिच्याकडे बघत होता. त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, तिला कळेना. अंगठा मुठीत धरून, ओठ आवळून ती त्याच्या पायाशी फरशीवर बसली. रविवार अजून सहा दिवस लांब होता.